दहा सेकंदांचा खेळ

सकाळचे साडेनऊ वाजलेत. ठोकळे काढून झाले, चित्रांचं पुस्तक उलटंपालटं करून झालं, चेंडू कपाटाखाली गेला. दीड वर्षाचं मूल आता चपलांकडे निघालंय आणि दिवस मावळायला अजून बराच अवकाश आहे. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं : 'याचं मन कशातच रमत नाही.' मीही ते कितीतरी वेळा म्हटलं आहे. गेल्या काही वर्षांतलं बालविकासाचं संशोधन वाचल्यावर मात्र ते म्हणवत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 13 ते 23 महिन्यांच्या 40 मुलांचं त्यांच्या घरी जाऊन चित्रीकरण केलं. प्रत्येकाच्या घरी दोनदा, दर वेळी दोन तास. 'हे खेळ, ते खेळ' असं कुणी सांगायचं नाही. मूल रोज जे करतं तेच करू द्यायचं. मग ते चित्रीकरण चौकटी-चौकटीने तपासून मुलाने कुठली वस्तू कधी हाती घेतली आणि कधी सोडली याची नोंद केली. अशा 10,015 नोंदी झाल्या. एका वस्तूशी खेळण्याच्या वेळेचा मध्यक निघाला 9.8 सेकंद. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा वस्तू दहा सेकंदांच्या आतच हातातून सुटली होती. हे सगळ्याच मुलांचं होतं. तेरा महिन्यांच्या रांगणाऱ्याचं आणि तेवीस महिन्यांच्या धावणाऱ्याचं चित्र सारखंच होतं. आणि तरीही या छोट्या छोट्या खेळांची बेरीज केली, तर मुलांचा बहुतेक वेळ वस्तू हाताळण्यातच गेला होता. त्या वस्तूंत खेळणी होती, तशीच खेळणी नसलेली डझनावारी सामग्रीही होती.

तेव्हा मन रमत नाही हे खरं नव्हे. ते रमतं, पण दहा-दहा सेकंदांच्या घासांनी. चालायला शिकणंही याच पद्धतीने होतं. 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी सोडली, तर तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात, असं याच विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मोजून दाखवलं. थोडं करायचं, सोडायचं, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करायचं. एकाच जागी बसून एकच गोष्ट तासभर करण्यापेक्षा असा विखुरलेला, बदलता सराव या वयात शिकायला सोयीचा असावा, असं या संशोधकांना वाटतं.

पण दहा सेकंदांनी वस्तू का सुटते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी 1964 मध्येच दाखवलं होतं, की काही महिन्यांच्या बाळासमोर एक चित्र तसंच ठेवून शेजारी दर वेळी नवं चित्र ठेवलं, तर जुन्यावरची नजर हळूहळू उडते. ओळखीचं झालं की लक्ष हटतं. मग सतत नवं काहीतरी पुढ्यात टाकत राहायचं का? इथे 2012 चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात-आठ महिन्यांच्या बाळांना पडद्यावरच्या खोक्यांतून वस्तू डोकावताना दाखवल्या. आता कुठली वस्तू येणार हे अगदी सहज ओळखता येऊ लागलं, की बाळं मान वळवत. आणि काहीच अंदाज लागेना झाला, तरीही मान वळवत. जिथे थोडा अंदाज येतो आणि थोडा चुकतो, तिथे नजर सर्वाधिक टिकायची. बोलताही न येणारं बाळ स्वतःच्या पेलवण्याजोगं कोडं निवडत असतं.

घरात याचा उपयोग रोज होतो. डबा आणि चमचा यांचा कंटाळा आला, म्हणून तिसरी वस्तू आणायची गरज नसते. चमचा डब्यात घालून झाकण जरा घट्ट लावा, किंवा चमच्याच्या जागी कापडाची गुंडाळी ठेवा, म्हणजे हलवल्यावर आवाज येणार नाही. ओळखीचं बरंचसं तसंच राहतं आणि एकच गोष्ट बदलते. बुवाकुकचा खेळ अनेक महिने पुरतो तो यामुळेच. चेहरा येणार हे ठाऊक असतं, पण कधी आणि कुठल्या बाजूने येणार ते ठाऊक नसतं.

अंदाज चुकला की मूल काय करतं, याचा सर्वात देखणा पुरावा 2015 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी दिला. अकरा महिन्यांच्या बाळांना त्यांनी अशक्य वाटतील अशा गोष्टी दाखवल्या. काहींना चेंडू भरीव भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसला, काहींना वस्तू कडेवरून पुढे जाऊनही हवेतच राहिलेली दिसली. नंतर तीच वस्तू बाळाच्या हातात दिली. भिंतीतून गेलेली वस्तू बाळांनी आपटून पाहिली. हवेत राहिलेली वस्तू खाली टाकून पाहिली. ज्या गुणाबद्दल शंका आली, नेमकी त्याचीच परीक्षा! उंच खुर्चीत बसून अठराव्यांदा चमचा खाली टाकणारं मूल तुम्हाला छळत नसतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं निरीक्षण करताना हे टाकणं बारकाईने टिपलं होतं : हात कधी वर, कधी बाजूला, आणि दर वेळी वस्तू कुठे पडते तिकडे नजर. चमचा उचलून देताना पाठ दुखते हे मान्य. मग एखाद वेळी त्याच्या जागी हलका रुमाल द्या. तो सावकाश आणि बिनआवाजाचा पडतो, आणि मुलाचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो.

आता मोठ्यांनी काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न. 2011 मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक खेळणं बनवलं. त्यात चार करामती दडलेल्या होत्या. एक नळी ओढली की चीं आवाज येई, बाकीच्या शोधायच्या. काही मुलांना संशोधकाने शिक्षकाच्या सुरात सांगितलं, 'बघ हं, हे असं चालतं,' आणि नळी ओढून दाखवली. काहींसमोर नळी चुकून ओढली गेल्याचं भासवलं. शिकवलेली मुलं तो आवाज काढत राहिली आणि लवकर थांबली. बाकीची मुलं जास्त वेळ खेळली आणि त्यांना इतर करामतीही जास्त सापडल्या. शिकवलेल्या मुलांचा तर्क चुकीचा नव्हता : माहीतगार माणसाने एकच गोष्ट दाखवली, तर तेवढीच असणार! म्हणून मुलाच्या हातात नवी वस्तू देताना तोंडाशी आलेलं 'हे असं करायचं' निदान पहिली पाच मिनिटं गिळायला हवं. मला ते अजूनही जड जातं.

याचा अर्थ मुलाला एकटं सोडून उठून जावं असा नाही. इंडियाना विद्यापीठात चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी वर्षभराची बाळं आणि त्यांचे पालक यांच्या डोक्यांवर नजर टिपणारे छोटे कॅमेरे बसवले. बाळ ज्या वस्तूकडे पाहतंय तिच्याकडे पालकानेही पाहिलं, तर पालकाची नजर हटल्यानंतरही बाळ त्या वस्तूवर जास्त वेळ टिकून राहत होतं. इथे वस्तू बाळ निवडतं आणि मोठं माणूस तिच्यात फक्त सामील होतं. दिवसभर असं बसणं कुणालाच शक्य नाही आणि तशी गरजही नाही. पण हातातला फोन बाजूला ठेवून दिलेली दहा मिनिटं आणि फोनकडे पाहत पाहत शेजारी काढलेला तास यांत मी दहा मिनिटं निवडेन.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळू दिलं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरात ढीग असेल तर बराचसा नजरेआड ठेवा आणि काही दिवसांनी अदलाबदल करा.

मागे कुणी पाहत नसलेला टीव्ही मात्र बंद हवा. एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवला, तेव्हा मुलांनी त्याकडे अधूनमधून ओझरतं पाहिलं, एवढंच. तरीही त्यांचे खेळ आखूड झाले आणि खेळातली एकाग्रता घटली, असं 2008 च्या एका अभ्यासात आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. उलट एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, असं तीच संघटना सांगते. घरात हे जमतं. गाद्या जमिनीवर पसरा, उशांवरून चढू-उतरू द्या, जड खोका या खोलीतून त्या खोलीत ढकलू द्या.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. घरातल्या वस्तू खेळायला द्यायच्या तर आधी जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून खोली पाहून घ्या. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या गिळल्या गेल्या, तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. छोटे शक्तिशाली चुंबकही तितकेच घातक. पाण्याशी खेळताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मग पाणी बादलीत तळाशी असलं तरी.

संध्याकाळी सगळे थकतात तेव्हा तीन वर्षांचं मूल तेच पुस्तक घेऊन येतं, जे काल वाचलं, परवा वाचलं. नव्याची एवढी ओढ असलेल्या जिवाला जुनं का हवं असतं? ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींमधून काही नवे शब्द ऐकवले. एका गटाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, दुसऱ्याला वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द मात्र दोघांच्याही कानांवर सारख्याच वेळा पडले. तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना शब्द जास्त पक्के आले. कथानक पाठ झालेलं असतं, म्हणून लक्ष मोकळं होतं, आणि मग पानाच्या कोपऱ्यातली कालपर्यंत न दिसलेली गोगलगाय आज दिसते. मूल तिच्यावर बोट ठेवतं आणि तुमच्याकडे बघतं.