अपस्मार, वेडेपणाचा शिक्का आणि लग्नाचा कायदा

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं. त्या काळी देशातल्या वेड्यांच्या इस्पितळांत अपस्माराचे, म्हणजे फिट येणारे रुग्णही ठेवले जात. 'याला ठाण्याला न्या' हे पुढे मराठी घराघरात बोललं जाऊ लागलं. त्या धाकाने किती घरांनी फिट येणारी मुलं लपवली असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

कारण हा आजार वेड नव्हे, हे वैद्यकाला फार आधीपासून ठाऊक होतं. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार यांचे अध्याय वेगळे आहेत. मेंदूच्या करड्या भागात अचानक ऊर्जा उसळते आणि झटका येतो, असं लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७३ मध्ये मांडलं. १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन या औषधाचा फिट रोखण्याचा गुण लक्षात आला, १९३८ मध्ये फेनिटॉइनचा. आज नियमित औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात.

कायदा मात्र उलटा चालला. १९५५च्या मूळ हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचं नाव नव्हतं. १९७६च्या दुरुस्तीने ते वेडाच्या शेजारी नेऊन बसवलं. वारंवार फिट येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र ठरली, आणि झालेलं लग्नही कोर्टातून रद्द करून घेता येऊ लागलं. गोळ्या उपलब्ध असताना हे घडलं, हे मला अक्षम्य वाटतं. तो शब्द कायद्यातून निघायला १९९९चा डिसेंबर उजाडला.

पण स्थळ बघताना ठाण्यात काय किंवा ऐरोलीत काय, आजही हा आजार झाकला जातो, विशेषतः मुलीचा. मग सासरी गोळी चोरून घ्यायची, कोणी बघेल म्हणून एखादी चुकवायची. गोळी चुकली, जागरण झालं की बंद झालेली फिट परत येऊ शकते, कधी ऐन गर्दीच्या लोकलमध्ये.

तिथे लोक धावतात ते चप्पल हुंगवायला, कांदा शोधायला, मुठीत किल्ल्या कोंबायला. यातल्या कशानेही झटका थांबत नाही. तोंडात चमचा घातला तर दात तुटतात. हातपाय दाबून धरू नयेत, डोक्याखाली ओढणी किंवा बॅग ठेवावी, झटके ओसरले की कुशीवर वळवावं, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. घड्याळ बघावं, पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा लागोपाठ दुसरी फिट आली, तर १०८ला फोन करावा.