लाइव्हवेल : होडीतील जिवंत आमिषाची टाकी

गळाला लावायचे लहान मासे आणि झिंगे होडीवरच जगवून ठेवण्याच्या टाकीला लाइव्हवेल म्हणतात. बादलीतले पाणी साचून राहते. लाइव्हवेलमधले सतत बदलत राहते किंवा हवेत घुसळले जाते. ही कल्पना यंत्रयुगाच्या आधीची आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर टूना पकडणाऱ्या पारंपरिक होड्यांच्या तळाला भोके ठेवून आमिषाच्या कप्प्यात समुद्राचेच पाणी खेळवत असत.

पुणे परिसरात लाइव्हवेलचा उपयोग मरळीसारख्या शिकारी माशासाठी. कटला, रोहू, मृगळ कणकेच्या गोळ्यावर येतात. त्यांच्यासाठी टाकी बसवणे हा फुकटचा खटाटोप ठरतो.

खरी अडचण जागेची नसून उन्हाची असते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. पुण्याच्या उंचीवर याहून थोडा कमी. शिवाय पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत पुरवठा घटतो आणि मागणी चढते. त्यात कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया साठत जातो. त्यामुळे मोठ्या टाकीत खच्चून भरलेल्या माशांपेक्षा लहान टाकीतले मोजके मासे जास्त टिकतात.

लहान फायबर किंवा पत्र्याच्या होडीत निळे प्लास्टिकचे पिंप किंवा जुना आइसबॉक्स पुरतो. गोल पिंप चांगले. चौकोनी पेटीच्या कोपऱ्यात मासे दाटी करून तोंडे घासून घेतात. आइसबॉक्सचा फायदा म्हणजे पाणी उशिरा तापते. बाजूला, काठापासून थोडे खाली, टँक निपल (टाकीच्या भिंतीतून पाइप काढण्याचा आटेदार जोड) बसवून त्यातून ओव्हरफ्लोचा, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाण्याचा, पाइप बाहेर काढतात आणि त्याच्या तोंडाला जाळी लावतात. तळ्यातले पाणी १२ व्होल्टच्या बुडत्या पंपाने वर घेऊन भोके पाडलेल्या पाइपमधून फवारतात. पाण्याचा पृष्ठभाग जितका ढवळेल तितका प्राणवायू मिळतो. पंपाचा पाइप होडीच्या काठावरून सोडावा. त्यासाठी तळाला भोक पाडण्याची हौस लहान होडीत न केलेलीच बरी.

वायर, फ्यूज, स्विच पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळतात. फ्यूज बॅटरीजवळ हवा. दोन अँपिअर ओढणारा पंप ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर साडेतीन तासांत रिकामी करतो, प्रत्यक्षात त्याआधीच. म्हणून पंप थांबून थांबून चालवणारा टायमर जोडतात.

वजनाकडे सहसा दुर्लक्ष होते. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, तेही हलते. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. टाकी मध्यभागी, तळाशी, पट्ट्याने जखडलेली आणि झाकणापर्यंत भरलेली असावी.

बाहेरचे पाणी नेहमीच चांगले नसते. उजनीच्या जलाशयात पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेमार्गे पोचते. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि गळ टाकणारे नेमके त्याच वेळी निघतात. जलपर्णी पंपाची जाळी तुंबवते ती वेगळीच. अशा ठिकाणी बाहेरचे पाणी बंद करून टाकीतलेच फिरवतात आणि जोडीला मत्स्यटाकीचा हवापंप लावतात. घरून नळाचे पाणी न्यायचे तर त्यातला क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने घालवावा लागतो. गारव्यासाठी सुटा बर्फ न टाकता गोठवलेली बंद बाटली ठेवतात, तीही बेताने. एकदम गार झालेले पाणी माशाला सोसत नाही.

इंजिन नसलेल्या होडीला एवढा खटाटोप लागत नाही. छिद्रे पाडलेला डबा दोरीने बांधून पाण्यात सोडला की तेच काम होते, फक्त वल्ही मारताना तो वर घ्यावा लागतो.

उरलेले आमिष आणि टाकीतले पाणी दुसऱ्या धरणात ओतू नये. पानशेतचे मासे पवनेत नेले की रोग आणि परकी जात दोन्ही सोबत जातात. उजनीत शिरलेला सकर मासा मच्छीमारांची जाळी आजही फाडतो. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे होडी पाण्यात घालण्याआधी स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी लागते.