मुगुगा कॉकटेल: पूर्व आफ्रिकेतल्या गोचीडतापाच्या लशीची पार्श्वभूमी

एका सुईने वासराला जिवंत, पूर्ण ताकदीचा परजीवी टोचायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या सुईने त्याला आवर घालणारं प्रतिजैविक द्यायचं. ईस्ट कोस्ट फीवर या गुरांच्या गोचीडतापावर पूर्व आफ्रिकेत आजही हीच पद्धत चालते. लशीचं नाव मुगुगा कॉकटेल. १९७५ साली ती शास्त्रीय नियतकालिकात आली, पण मसाई पशुपालकांच्या गोठ्यात मोठ्या संख्येने पोचायला पुढची वीसेक वर्षं गेली. या उशिराचं खापर विज्ञानावर फोडता येत नाही.

रोगाचा परजीवी थायलेरिया पार्व्हा. त्याला पसरवतो गुरांच्या कानात बसणारा तपकिरी गोचीड. हा गोचीड लार्व्हा, निंफ आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत वेगवेगळ्या जनावरांवर चढतो, रक्त पितो, गळून पडतो. एका अवस्थेत घेतलेला परजीवी तो पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला देतो. अंड्यांतून मात्र तो पुढच्या पिढीत जात नाही. चावल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी कानाखालची लसिका ग्रंथी सुजते, मग खांद्यापुढची. ताप ४० अंशांच्या वर जातो, जनावर वैरण सोडतं. परजीवी लसिका पेशीत शिरून तिला कर्करोगाच्या पेशीसारखं सतत विभाजित व्हायला लावतो आणि तिच्यासोबत स्वतःही वाढतो. शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं, नाकातून फेस येतो आणि जनावर गुदमरून मरतं. मसाई लोक या रोगाला ओल्तिकाना म्हणतात, स्वाहिलीत तो न्दिगाना काली. सुजलेल्या गाठीवर डागणी देणं हा तिथला जुना उपाय. आपल्याकडेही गुरांना डाग देतातच, आणि गुण दोन्हीकडे सारखाच, म्हणजे नाही.

आफ्रिकेच्या दक्षिणेत हा रोग माणसाने नेला. १८९६-९७ मध्ये बुळकांडीने तिथली गुरं साफ झाली, पाठोपाठ ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यातलं युद्ध आलं. रिकामे गोठे भरायला पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने गुरं आणली गेली आणि १९०२ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, जनावरं पटापट मरू लागली. ‘ईस्ट कोस्ट’ हे नाव त्यातूनच पडलं. सरकारने जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना बोलावलं. कॉख यांनी १८९७-९८ मध्ये दार-एस-सलामला हे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, पण तेव्हा ते टेक्सास फीवर या गुरांच्या दुसऱ्याच गोचीडतापाचे समजले होते. आता त्यांनी उपाय सुचवला: बऱ्या झालेल्या जनावराचं रक्त निरोगी जनावराला पुन्हा पुन्हा टोचायचं. तो साफ फसला. रक्तातल्या तांबड्या पेशींत दिसणारी परजीवीची अवस्था सहसा रोग देत नाही, मग प्रतिकारशक्ती कुठून येणार? दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीतले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी गोचिडाचा दुवा सिद्ध केला आणि पशुवैद्य अर्नोल्ड थायलर यांनी १९०४ मध्ये हा परजीवी वेगळाच असल्याचं दाखवलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सकेईत आजारी जनावरांच्या प्लीहेचा आणि गाठींचा लगदा टोचून पाहिला गेला. काही जनावरं सुरक्षित झाली, पण बरीचशी त्या टोचण्यानेच गेली.

मग राहिला गोचीड मारायचा मार्ग. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या भागात पशुवैद्य वॉटकिन्स-पिचफर्ड यांनी दर तीन किंवा पाच दिवसांनी गुरांना आर्सेनिकच्या हौदातून पोहत काढायची पद्धत बसवली. कुंपणं, हालचालींवर बंदी आणि कत्तल यांची जोड देऊन दक्षिण आफ्रिकेने १९५० च्या दशकात रोग हटवला. मात्र हौदावर वाढलेल्या जनावराला गोचीड चावतच नाही, म्हणून त्याच्यात प्रतिकारशक्तीही तयार होत नाही. हौद थांबला की अख्खा कळप एकदम उघडा पडतो. १९७० च्या दशकात झिंबाब्वेच्या मुक्तियुद्धात गावोगावचे हौद बंद पडले, तेव्हा गोचिडांपासून होणाऱ्या निरनिराळ्या रोगांनी सुमारे दहा लाख गुरं मेल्याचं नोंदलं आहे.

केनियात प्रश्न वेगळ्या रूपात आला. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर, म्हणजे वसाहती सरकारच्या शेतीसुधारणेच्या आराखड्यानंतर, आफ्रिकी शेतकऱ्यांना विदेशी रक्ताच्या दुभत्या गाई पाळायला प्रोत्साहन मिळालं. रोगाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं झेबू, म्हणजे वशिंडाच्या स्थानिक जातीचं, वासरू काही प्रमाणात तग धरतं, पण संकरित गाय धरत नाही. दूध वाढवायचं तर आधी हा रोग आवरायला हवा होता, आणि गावचे हौद अर्ध्या ताकदीच्या औषधावर चालत. पावसाचं पाणी पडलं, औषधाची भर घातली नाही, तर गोचीड मरत नाही, उलट औषधाला सरावतो. आर्सेनिक, टॉक्साफीन, ऑर्गॅनोफॉस्फेट, अमिट्राझ अशी औषधं बदलत गेली ती याच कारणाने.

नैरोबीजवळच्या मुगुगा इथे पूर्व आफ्रिकी पशुवैद्यकीय संशोधन संस्था होती. तिथे १९६७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा प्रकल्प चालला. त्याआधी, १९५३ मध्ये, संशोधक नाइट्झ यांनी दाखवलं होतं की क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक संसर्गाच्या अगदी सुरुवातीला दिलं तर रोग दबतो आणि जनावर प्रतिकारक्षम होतं. प्रश्न होता तो दर वेळी तोलूनमापून तेवढाच संसर्ग देण्याचा. चरणाऱ्या गाईला कोणता गोचीड किती परजीवी देईल, हे कुणाच्याच हातात नसतं. उत्तर मिळालं गोचीडच वाटून गोठवण्यात.

ही लस आजही तशीच बनते. परजीवीच्या एका वाणाने (उपप्रकाराने) संसर्ग दिलेल्या जनावराच्या रक्तात परजीवी दिसू लागले की त्याच्या कानांवर कापडी पिशव्या बांधून आत निंफ सोडतात. रक्त पिऊन गळालेले निंफ गोळा करून ठेवले की कात टाकून प्रौढ होतात. हे प्रौढ लगेच वापरून भागत नाही. लाळग्रंथींतले परजीवी पिकायला त्यांना सशाच्या कानावर चार दिवस रक्त पाजावं लागतं. तिथून काढून धुवायचे, द्रावणात वाटायचे, चोथा काढायचा, ग्लिसरॉल घालून स्ट्रॉमध्ये भरायचे आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायचे. प्रत्येक घाण्याची ताकद जिवंत जनावरांवर तपासावी लागते. मात्रा कडक झाली तर प्रतिजैविकाला जुमानत नाही, सौम्य झाली तर प्रतिकारशक्ती येत नाही. दहा लाख मात्रांच्या एका घाण्याला दीडेक वर्ष, सव्वाशेहून जास्त गुरं, पाचशे ससे आणि लाखो गोचीड लागतात.

एकच वाण पुरत नाही. या रोगात संरक्षण देतात त्या मारक टी-पेशी, आणि त्या परजीवीच्या वाणागणिक बदलतात. म्हणून मुगुगा, किआंबू-५ आणि मुळात रानरेड्यांमधून आलेला सेरेंगेटी अशी तीन वाणं एकत्र केली. कॉकटेल म्हणतात ते यालाच.

स्ट्रॉ वितळवून पातळ केल्यावर लस बर्फात ठेवून काही तासांत संपवावी लागते. १ मिलि कानाच्या बुडाशी कातडीखाली, आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोला ३० मिग्रॅ या हिशेबाने खोल मांसात. ५० किलोच्या वासराला १,५०० मिग्रॅ, म्हणजे ३० टक्क्यांच्या औषधाचे ५ मिलि. लसीकरण सर्वांत जास्त फसतं ते वजनाच्या अंदाजात: ७० किलोचं वासरू ५० चं धरलं तर प्रतिजैविक कमी पडतं आणि लसच रोग देते. म्हणून वजनाची फीत सोबत हवीच, आणि पुढचे तीनेक आठवडे ताप व गाठींवर लक्ष हवं. काही वासरांना बुपार्व्हाक्वोन हे या रोगावरचं औषध द्यावं लागतं. आधीच आजारी किंवा फार अशक्त वासराला टोचायचं नाही. दुभत्या गाईला टोचलं तर प्रतिजैविकाची मुदत संपेपर्यंत दूध विकायचं नाही. वासरांपासून सुरुवात करण्याचं हेही एक कारण.

पद्धत तयार झाली आणि १९७७ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा पूर्व आफ्रिकी समुदायच मोडला, मुगुगाची संस्था केनियाच्या वाट्याला गेली. १९७३ मध्ये नैरोबीत स्थापन झालेल्या इल्राड या जनावरांच्या रोगांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा भर नव्या, स्वच्छ, जिवंत परजीवी नसलेल्या लशीवर होता. परजीवीच्या पृष्ठभागावरचं पी६७ हे प्रथिन पुढे आलं, पण गोठ्यातली निम्मी गुरंही त्याने भरवशाने वाचली नाहीत. वाटलेल्या गोचिडांची लस मागासलेली म्हणून बाजूला ठेवली गेली, असं मला स्पष्ट वाटतं. दुसऱ्या देशाचं वाण आपल्या गुरांत कायमचं मुरेल ही सरकारांची धास्ती मात्र खोटी नव्हती, कारण टोचलेली जनावरं वाहक राहतात.

भारतात संकरित गाईंना होणारा थायलेरिया ॲन्युलाटाचा ताप याच कुळातला. त्यावर आपल्याकडे प्रयोगशाळेत वाढवून सौम्य केलेल्या पेशींची लस निघाली. पार्व्हाला तो मार्ग जमला नाही. ॲन्युलाटा टोचलेल्या परक्या पेशीतून यजमानाच्या पेशीत सहज उतरतो, पार्व्हा उतरत नाही, त्यामुळे एका जनावराला दहा कोटींच्या घरात पेशी द्याव्या लागत.

१९९६ मध्ये इल्राडची वारस संस्था इल्री हिने सुमारे सहा लाख मात्रा बनवल्या. त्यानंतर उत्तर टांझानियातल्या मसाई पशुपालकांनी स्वतः पैसे मोजून वासरं टोचून घ्यायला सुरुवात केली. टोचलेल्या वासराच्या कानातल्या बिल्ल्याला बाजारात जास्त भाव मिळू लागला. मोठ्या कळपात एक स्ट्रॉ उघडून तीस-चाळीस वासरं एका सकाळी उरकतात. दोन-तीन गाईंच्या शेतकऱ्याचं गणित मात्र तिथेच बिघडतं, कारण उरलेली लस फेकावी लागते. शेजाऱ्यांना गोळा केल्याशिवाय लसीकरण करणारा येतच नाही. त्यावर कमी मात्रांच्या स्ट्रॉ काढल्या गेल्या आणि उत्पादन मलावीतल्या लिलाँग्वे इथल्या केंद्राकडे गेलं. द्रवरूप नायट्रोजनचं ओझं मात्र आहेच. आणि जिथे गुरं रानरेड्यांसोबत चरतात, तिथे रेड्यांतली वाणं या तीन वाणांच्या पलीकडची निघतात. अशा कुरणांवर टोचलेली वासरंही मरतात आणि गोचिडाची फवारणी सोडता येत नाही.