अलिझे आणि अटलांटिक: दोन ब्रेगे, दोन दहा तारखा

दरवर्षी डिसेंबर आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो: 'कच्छजवळ पाडलेले ब्रेगे विमान'. कुणी त्याखाली १९७१ लिहितो, कुणी १९९९. कुणी फोटो एका विमानाचा लावतो आणि माणसे दुसऱ्या विमानातली सांगतो. गोंधळ होण्यासारखे बरेच काही आहे, हे मान्य. दोन्ही विमाने फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीची, दोन्ही नौदलाची, दोघांचे काम पाणबुडी शोधण्याचे. शिवाय दोन्ही पडली ती १० तारखेलाच. पण एक आपले होते आणि दुसरे पाकिस्तानचे.

आपले विमान म्हणजे अलिझे. फ्रेंचमध्ये अलिझे म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे. १९६१ साली नौदलाची ३१० स्क्वॉड्रन या विमानांवर उभी राहिली, ती विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी. गोव्यात दाबोळी विमानतळापासून जवळच, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथे अलिझे ठेवलेले आहे, कधी गेलात तर जरूर जवळ जाऊन बघा. नाकावर एकच इंजिन, एकच पंखा. पोटाखाली रडारचा घुमट, तो हवेत खाली उतरवता येई. दोन्ही पंखांना पुढे फुगीर डबे जोडलेले दिसतात. चाके त्यांत मिटून जात आणि त्यांतच सोनोबॉयही ठेवलेले असत. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकून द्यायचे कान. आत माणसे तीन: पुढे दोघे शेजारी शेजारी, मागे तिसरा. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, तोही नीट उंचीवर असताना. जहाजाच्या आखूड डेकवर उतरता यावे आणि समुद्रावर तासन् तास फिरता यावे, यासाठी केलेले हे विमान. लढाऊ विमानाशी गाठ पडली तर पळून जाण्याइतके बळ त्याच्यात नव्हते.

अटलांटिक नुसते डोळ्यांनीही वेगळे ओळखू येते. दोन मोठी इंजिने, पंखांचा विस्तार ३६ मीटर, म्हणजे अलिझेच्या दुपटीहून जास्त. ते जहाजावर उतरत नाही, धावपट्टीवरून उडते आणि दहा-बारा माणसांना घेऊन दूरवर जाते. पाकिस्तानला ही विमाने १९७५ च्या सुमारास मिळाली. त्यामुळे १९७१ च्या युद्धात 'पाकिस्तानचे अटलांटिक' कुठे वाचलेत, तर ती चूक आहे असे बेलाशक समजा.

आता १० डिसेंबर १९७१. आदल्या रात्री दीवजवळच्या समुद्रात हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पुढचे काही दिवस हंगोरचा शोध चालू राहिला, पण ती निसटली. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. त्यामुळे पश्चिमेकडच्या अलिझे किनाऱ्यावरच्या धावपट्ट्यांवरून उडत होत्या. त्यातल्या एकीला पाकिस्तानी हवाई दलाच्या स्टारफायटरने गाठले. स्टारफायटर म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे लढाऊ विमान. अलिझेत लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन होते. तिघेही परतले नाहीत. खाली समुद्र होता, आणि घरच्यांना मिळाला तो एक शब्द: बेपत्ता.

१० ऑगस्ट १९९९ ची गोष्ट फार वेगळी. कारगिलची लढाई संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते. कराचीच्या मेहरान तळावरून निघालेल्या अटलांटिकला कच्छमधल्या नलियाहून उडालेल्या आपल्या मिग-२१ विमानाने क्षेपणास्त्र मारले. आतले १६ही जण मरण पावले. विमान आपल्या हद्दीत घुसले होते, असे भारताचे म्हणणे. ते प्रशिक्षणाच्या फेरीवर होते आणि निःशस्त्र होते, असे पाकिस्तानचे. हवाई हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत लढाऊ किंवा टेहळणी विमाने आणायची नाहीत, असा करार १९९१ मध्येच झाला होता. दोन्ही देशांनी अवशेष दाखवले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २१ जून २००० रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितले की हा खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही. विमान कुठे होते आणि चूक कुणाची, यावर निकाल लागलाच नाही. तो खटला आपण जिंकला, असे लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

पण ते सोळा जण गेले, याबद्दल दोन्ही देशांत कधी शंका नव्हती. ते शत्रूचे सैनिक होते, तरी त्यांच्या घरांना निदान खरे काय ते कळले, याचे मला मनापासून बरे वाटते. अलिझेबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि दोन घटनांची सरमिसळ मला खुपते ती यासाठी. मजकूर पुढे पाठवताना 'सर्व ठार' हे शब्द १९९९ वरून उचलून १९७१ ला चिकटवले जातात. बेपत्ता म्हणजे मृत नव्हे. मृतदेह सापडलेला नाही आणि कैद्यांच्या यादीत नाव नाही, अशा माणसाला बेपत्ता म्हणतात. पुढे त्याला मृत धरले जाते, पण ते कागदाच्या सोयीसाठी.

१९७१ च्या युद्धानंतर जे ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असे मानले गेले, त्यांच्या यादीत अशोक रॉय यांचे नाव आहे. त्याच यादीत हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी पतीच्या शोधात सारे आयुष्य घातले. हे सैनिक आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तान सांगत आला. २००७ च्या जूनमध्ये या सैनिकांचे १४ नातेवाईक स्वतः पाकिस्तानात गेले आणि तिथल्या तुरुंगांमधून फिरले. आपले माणूस त्यांना भेटले नाही.