त्रिमितीय मुद्रित खडक

त्रिमितीय मुद्रित खडक : यांत्रिक चाचणीसाठी थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून बनवलेला खडकाचा कृत्रिम नमुना. आतल्या भेगा, पोकळ्या, सांधे (खडकाला दुभागणाऱ्या नैसर्गिक फटी) कुठे आणि कोणत्या कोनात असावेत हे संगणकावर आधी ठरवता येते आणि तोच नमुना हवा तितक्या वेळा पुन्हा काढता येतो. खडक यामिकीत (बल लावल्यावर खडक कसा वागतो याच्या शास्त्रात) याचा वापर मुख्यतः गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढला.

गरज का पडली, ते चाचणीयंत्रापाशी उभे राहिले की कळते. संपीडन सामर्थ्य, म्हणजे दाब सोसण्याची क्षमता, मोजायचे तर व्यासाच्या दुप्पट ते अडीचपट लांबीचा दंडगोल यंत्रात धरून तो फुटेपर्यंत दाबतात. नमुना तिथेच संपतो. तीच भेग 30 अंशांऐवजी 45 अंशांत असती तर काय झाले असते, हे त्याच दगडाला पुन्हा विचारता येत नाही. दुसरा तुकडा घ्यावा तर त्याचे कण वेगळे, पोकळ्या वेगळ्या. दख्खनच्या बेसाल्टमध्ये छिद्रण करून काढलेला एक गाभा भरीव काळा पाषाण निघतो आणि शेजारचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. दोघांच्या सामर्थ्यात मोठी तफावत पडते. मग निकालातला फरक भेगेमुळे आला की दगडामुळे, हे सांगणार कसे?

यावर जुना उपाय म्हणजे प्लास्टर किंवा सिमेंटचा मसाला साच्यात ओतायचा, त्यात पातळ पत्रा खोचायचा आणि मसाला आवळत आला की तो ओढून काढायचा. आरपार, सरळ भेगेसाठी ही युक्ती आजही उत्तम आहे. पण पूर्ण आत दडलेली, वाकडी किंवा एकमेकींना छेदणाऱ्या भेगांची जाळी अशी ओतता येत नाही. मुद्रणाचे खरे बळ इथे दिसते. नैसर्गिक खडकाचे सीटी स्कॅन करून त्यातल्या भेगांचा नकाशा थेट प्रिंटरकडे पाठवता येतो.

सर्वाधिक वापरली जाते ती भुकटी व बंधकाची (कण चिकटवणाऱ्या द्रवाची) पद्धत. अमेरिकेतील एमआयटीमध्ये इमॅन्युएल सॅक्स व सहकाऱ्यांनी ती विकसित केली. तिचे एकस्व (पेटंट) 1993 मध्ये मिळाले. भुकटीचा साधारण 0.1 मिमी जाडीचा थर पसरतो, त्यावर हवे तिथेच बंधक द्रव फवारला जातो, मग पुढचा थर. भुकटी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीची असेल तर पाण्याशी संयोग होऊन जिप्समचे स्फटिक तयार होतात. दुसरा प्रकार वाळूचा : सिलिका वाळूचे कण फ्युरान रेझीन या कृत्रिम राळेने चिकटवतात. हे प्रिंटर मुळात ओतशाळांसाठी वाळूचे साचे काढायला बनले. त्यांतून निघालेला नमुना हाताला आणि डोळ्याला वालुकाश्मासारखाच वाटतो, मात्र त्याची सच्छिद्रता बरीच जास्त, बहुधा 40 टक्क्यांच्या आसपास असते. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात अशा वाळूच्या नमुन्यांवर बरेच काम झाले आहे.

प्लास्टिकची तार वितळवून थर देणारे स्वस्त प्रिंटर या कामाला फारसे उपयोगी नाहीत. त्यांचा दंडगोल दाबाखाली तडकत नाही, पिंपासारखा फुगतो. प्रकाशाने घट्ट होणारे रेझीन त्यापेक्षा ठिसूळ असते आणि गोठवले की आणखी ठिसूळ होते, म्हणून काही संशोधक नमुना शून्याखाली थंड करून फोडतात. पारदर्शक रेझीनचा एक वेगळाच लाभ आहे. चीनमधील संशोधकांनी 2014 मध्ये कोळशाच्या नमुन्यातील भेगांची जाळी स्कॅन करून पारदर्शक रेझीनमध्ये छापली आणि ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या साहाय्याने आतले प्रतिबल, म्हणजे दाबामुळे आत निर्माण झालेले बल, रंगीत पट्ट्यांच्या रूपात पाहिले. खऱ्या, अपारदर्शक दगडात हे दृश्य कधीच दिसणार नाही.

मुद्रित खडकाला एकजिनसी समजणे ही मात्र मोठी चूक ठरते. थरांमुळे त्यालाही स्तर येतात. थरांना समांतर दाबले की एक सामर्थ्य, लंब दाबले की दुसरे, तिरके दाबले की तिसरे. वाळवण्याचा काळ, तापमान, बंधकाचे प्रमाण यांनीही आकडे हलतात. पण हाच दोष कुशल हातांत साधन बनतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ आणि सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2020 मध्ये जिप्समच्या मुद्रित नमुन्यांत थरांची दिशा आणि स्फटिकांची दिशा वेगवेगळी जुळवली. फुटल्यावर निर्माण होणारा भेगेचा पृष्ठभाग किती खडबडीत असेल, यावर स्तरांबरोबरच स्फटिकांच्या मांडणीचाही प्रभाव असतो, हे त्यातून दिसले. नैसर्गिक स्तरित खडकात या दोन गोष्टी वेगळ्या करणे जवळजवळ अशक्यच.

मर्यादा ठळक आहेत. जिप्सम व वाळूचे नमुने सहसा काही मेगापास्कल (दाबाचे एकक) ते काही दहा मेगापास्कल इतकेच सामर्थ्य गाठतात. भरीव बेसाल्ट शंभर मेगापास्कलच्या पुढे जातो. खडकाचे ताण-सामर्थ्य (ओढ सोसण्याची क्षमता) संपीडन सामर्थ्याच्या साधारण दहाव्या भागाएवढे असते; रेझीनमध्ये ते प्रमाण खूप जास्त निघते, त्यामुळे भेग फुटण्याची रीतच बदलते. आणखी एक अडचण अनुभवी माणसेही विसरतात : बंद भेगेत न चिकटलेली भुकटी अडकून राहते, ती काढायला वाटच नसते. अशी भेग पोकळ नसून भुसभुशीत भरणाची असते आणि निकालाचा अर्थ तसाच लावावा लागतो.

म्हणून अनेक प्रयोगशाळा दगड छापण्याऐवजी साचा छापतात. सांध्याच्या खडबडीतपणासाठी बार्टन व चौबे यांनी 1977 मध्ये दिलेल्या दहा प्रमाण रेषाकृती, 0 (गुळगुळीत) ते 20 (अतिखडबडीत) या श्रेणीतल्या, प्लास्टिकमध्ये उतरवून त्यावर सिमेंटचा मसाला ओततात. पृष्ठभाग हुबेहूब तोच, पदार्थ मात्र खडकासारखा ठिसूळ. अशा एकमेकींत बसणाऱ्या दोन भागांच्या जोड्यांवर कर्तन चाचणी (एक भाग दुसऱ्यावर सरकवण्याची) कितीही वेळा घेता येते. छिद्रांच्या बाबतीत ही सोय नाही. वालुकाश्मातील छिद्रांच्या वाटा कित्येकदा काही मायक्रोमीटरच्या असतात आणि प्रिंटरला तितके बारीक काम जमत नाही, म्हणून छिद्ररचना अनेक पटींनी मोठी करून छापावी लागते.