दोन आकड्यांत सापडणारा सोलर फॉल्ट

पावसाळ्यात सकाळी सोलरचा इन्व्हर्टर चालूच होत नाही, स्क्रीनवर ‘इन्सुलेशन फॉल्ट’ येतो आणि ऊन पडलं की सगळं आपोआप सुरू! मग कोण कशाला छतावर चढतंय? पण कुठेतरी केबलचं आवरण सोललेलं असतं, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. ओल असेतोवर तिथून वीज लोखंडी सांगाड्यात उतरते. आताचे इन्व्हर्टर सुरू होण्याआधी हेच तपासतात, म्हणून अडून बसतात.

जागा कशी शोधायची? ड्रोनवरचा थर्मल कॅमेरा तापलेली पॅनेलं छान दाखवतो, पण असा फॉल्ट बरेचदा तापतच नाही. इथे साधा मल्टिमीटर आणि भागाकार पुरतो.

एका स्ट्रिंगमध्ये 20 पॅनेलं एकापुढे एक जोडलेली आहेत आणि प्रत्येकाचे 40 व्होल्ट, म्हणजे एकूण 800, असं धरू. इन्व्हर्टर बंद करून स्ट्रिंग दोन्ही टोकांना सुटी करायची. मग पॉझिटिव्ह ते अर्थ (म्हणजे अर्थिंग, जमिनीला जोडलेला सांगाडा) आणि निगेटिव्ह ते अर्थ अशी दोन मापं घ्यायची. स्ट्रिंग निर्दोष असेल तर आकडा टिकत नाही, शून्याकडे घसरतो. फॉल्ट असेल तर ठाम राहतो. समजा 280 आणि उणे 520 आले. 280 भागिले 40 म्हणजे 7. पॉझिटिव्हकडून सातव्या आणि आठव्या पॅनेलमधली जोडणी उघडून बघायची. बेरीज 800 भरली नाही तरी बिघडत नाही, कारण दोन आकड्यांचं गुणोत्तर तेच राहतं; मग 20 पॅनेलं त्याच गुणोत्तरात विभागायची. माप मात्र ओल असतानाच घ्यायचं; दुपारी काही सापडणार नाही. आणि 800 व्होल्ट डीसी आहे, तेव्हा हे काम त्यातल्या माणसाचंच.

एकाच स्ट्रिंगमध्ये दोन फॉल्ट असले की हे गणित फसतं. धोकाही तिथेच वाढतो. 2009 च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला एका दुकानाच्या छतावरच्या सोलरला आग लागली. त्या यंत्रणेत निगेटिव्ह बाजू मुद्दामच एका फ्यूजमधून अर्थला जोडलेली होती. त्याच बाजूच्या केबलला आधीच एक फॉल्ट होता, पण त्यातून जाणारा करंट फ्यूज उडण्याइतका नव्हता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही. पुढे पॉझिटिव्ह बाजूला दुसरा फॉल्ट झाला. फ्यूज उडाला, तरी करंट थांबला नाही. तो पहिल्या फॉल्टमधून परत फिरत राहिला, आणि इतका करंट पेलायला ती केबल बनवलेलीच नव्हती.