दांड्या फुल आहेत ना, मग "रेंज नाही" म्हणू नका

दर गणपतीत तेच. लालबागला किंवा विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रोडला लोक मोबाइल डोक्यावर धरून उभे, आणि तोंडाने "रेंजच येत नाहीये". अहो स्क्रीनवर वर बघा, नेटवर्कच्या चार दांड्या आहेत! रेंज भरपूर आहे, टॉवरवर जागा नाहीये. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी आहेत.

रेंज नसणं सगळ्यांना माहितीये. घाटात, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात टॉवरचा सिग्नलच पोचत नाही. खिडकीत या, उंचावर जा, काम होतं. त्यावर आणखी काय बोलायचं.

घोळ होतो तो दांड्यांमुळे. टॉवर सतत एक ठरावीक सिग्नल सोडत असतो आणि तो तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, दांड्या साधारण तेवढंच सांगतात. त्याच टॉवरवर आत्ता पन्नास जण आहेत की पाच हजार, हे त्या सांगतच नाहीत. दादर स्टेशनवर अनाउन्समेंट खणखणीत ऐकू आली म्हणून सहा वाजताच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळेलच असं नाही ना, तसंच हे. 4जीचा एक कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारा फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा, जास्तीत जास्त 20 मेगाहर्ट्झ रुंद, कंपनीकडे असे दोन-तीन असले तरी शेवटी तेवढंच त्या भागातल्या सगळ्यांना वाटून घ्यायचंय.

त्यातही बऱ्याचदा आधी अपलोड बसतं. फोनला काही पाठवायचं तर आधी टॉवरकडे परवानगी मागावी लागते, हजारो फोन एकदम मागायला लागले की त्या मागण्याच एकमेकांवर आदळतात, मग फोन थोडं थांबून परत मागतो, परत आदळतो, आणि तुमचा फोटो गोल गोल फिरत बसतो. त्यात भर म्हणजे 2300 मेगाहर्ट्झसारख्या बँडमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या गटात) एकच फ्रिक्वेन्सी डाउनलोड-अपलोडला आळीपाळीने वापरतात, त्यात मोठा वाटा डाउनलोडला. आणि नेमकं तेव्हाच शेकडो जण आरती लाइव्ह करत असतात! कृपा करा, रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन टाका.

आता औषधं. एअरप्लेन मोड चालू-बंद करणं रेंजच्या त्रासात कधीकधी चालतं, फोन लांबच्या टॉवरला चिकटून बसला असेल तर सुटतो. गर्दीत मात्र दर वेळी नव्याने नोंदणीची मागणी जाते, म्हणजे जाम आणखी वाढतो. बूस्टरचं तर नावच काढू नका. तो कमजोर सिग्नल जोरात करतो, टॉवरची जागा एका माणसानेही वाढवत नाही, उलट खराब बूस्टर टॉवरलाच त्रास देतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं बिघडतं. शिवाय परवान्याशिवाय बसवणं बेकायदा आहे. गर्दीवर खरा उपाय म्हणजे आणखी टॉवर, म्हणून तर कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी कंपन्या गाडीवरचे टॉवर आणून उभे करतात.

आपल्या हातात काय? दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर ते लावून बघा, एकाच खांबावर दोघांचे अँटेना असले तरी स्पेक्ट्रम, म्हणजे कंपनीच्या वाट्याच्या फ्रिक्वेन्सी, वेगळा असतो. 5जी अडकलं तर 4जीवर जाऊन बघा, उलटंही करून बघा. व्हिडिओ कॉलपेक्षा साधा कॉल करा, 4जीवर आवाजाला डेटाच्या आधी नंबर मिळतो. नाहीतर साधा एसएमएस टाका, त्याला अगदीच थोडी जागा लागते. भेटायची जागा आधीच ठरवा, बाजूच्या गल्लीत चार मिनिटं चालून गेलात तर बऱ्याचदा फोन वेगळ्या टॉवरवर जातो.

आणि वडापावच्या गाडीवर यूपीआय फिरत राहिलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. गाडीवरच्या त्या बोलणाऱ्या डब्यातही बहुतेक सिमच असतं, तोही त्याच गर्दीत अडकलेला असतो, त्यामुळे डबा गप्प आहे म्हणजे पैसे गेले नाहीत असं होत नाही. आधी बँकेचा मेसेज किंवा हिस्टरी बघा, आणि गर्दीत जाताना खिशात शंभर-दोनशे रुपये सुटे ठेवा.